काळजी केंद्रात मी कुठल्या रांगेत उभारू?

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी बेळगाव जिल्ह्यातल्या यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला आणि नदीकाठच्या गावांतली माणसं बोचकी, शेरडं, म्हातारी माणसं घेऊन वर आली. शाळा, मंगल कार्यालयं, देवळांच्या ओवऱ्या, जिथं छप्पर सापडलं तिथं बसली. आमच्या भागातल्या एका शाळेत यादी लिहायचं काम माझ्याकडं होतं. टेबलावर वही, शेजारी चटया, ब्लँकेटं, तांदूळ-डाळीच्या पिशव्या. फरशीवर खडूनं रेघ मारून मी दोन रांगा केल्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची. गर्दीत बायकांना धक्के बसू नयेत, एवढाच हेतू.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक जोगप्पा, म्हणजे पुरुष म्हणून जन्मलेल्या पण यल्लम्माच्या सेवेत लुगडं नेसून राहणाऱ्या, येऊन थांबल्या. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कपाळाला भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेला. अंगावरचं सगळं ओलं होतं, जग तेवढा कोरडा. "बाई, मी कालच आले असते," त्या म्हणाल्या, "पर वाट न्हवती. मी कुठल्या लायनीत उभारू?"

मला उत्तर सुचलं नाही. "जरा थांबा," एवढंच म्हटलं. पुरुषांच्या रांगेत कुणी तरी खुसखुसलं. बायकांच्या रांगेत एकीनं लेकराला जवळ ओढलं. मी वहीकडं बघितलं. कुटुंबप्रमुखाचं नाव, स्त्रिया किती, पुरुष किती, मुलं किती. पुढच्या दोन-तीन घरांची नावं लिहून मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. उंबऱ्यावर ओल्या पावलांशेजारी पिवळा भंडारा सांडला होता.

त्यांना कुणी हाकललं नव्हतं. कुणी वाईट शब्द बोललं नव्हतं. तरी त्या तशाच परत गेल्या. पूर, भूकंप, साथ आली की मदत वाटली जाते, मग तृतीयपंथी, जोगप्पा, समलिंगी माणसं त्या वाटपातून नेमकी कुठं निसटतात, हे मी नंतरची काही वर्षं वाचून आणि विचारून समजून घेत आले. जमेल तितक्या सोप्या शब्दांत ते इथं सांगते.

आधी शब्द. कर्नाटकात पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला सरकारी भाषेत "काळजी केंद्र" म्हणतात. पूर्वी लोकांच्या तोंडी "गंजी केंद्र" होतं, गंजी म्हणजे पेज. काळजी हा शब्द कन्नडमध्ये आहे आणि आपल्या मराठीतही आहे, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यात ती पाटी वाचायला कुणाला दुभाषा लागत नाही. दुसरा शब्द कन्नडमधल्या सरकारी कागदांवर दिसतो, "लिंगत्व अल्पसंख्यातरु". लिंगभावाच्या बाबतीत जे संख्येनं थोडे आहेत ते. सीमाभागातला मराठी माणूस स्वतःसाठी "भाषिक अल्पसंख्याक" हा शब्द रोज वापरतो, तर हा त्याचाच सख्खा भाऊ.

मी इथं ज्यांच्याबद्दल बोलते आहे त्यांच्यात कोण कोण येतं? जन्माच्या वेळी दाईनं किंवा डॉक्टरनं "मुलगा" म्हणून सांगितलं पण जी मनानं स्त्री आहे, किंवा याच्या उलट, अशी पारलिंगी माणसं. शरीराची घडणच जन्मतः दोन ठरीव साच्यांत बसत नाही अशी आंतरलिंगी माणसं. आणि ज्यांचा जीव आपल्याच लिंगाच्या माणसावर जडतो ते समलिंगी स्त्री-पुरुष. पहिली गोष्ट "मी कोण" याच्याशी निगडित आहे, दुसरी शरीराच्या घडणीशी, तिसरी "माझं प्रेम कुणावर" याच्याशी. मदतीच्या रांगेत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. जोगप्पांची ओळख लुगड्यावरून, चालीवरून दुरून दिसते. समलिंगी माणसाची दिसत नाही, आणि बहुतेक वेळा ती दिसू नये म्हणूनच तो धडपडत असतो. दोघांची अडचण वेगळी, म्हणून दोघांसाठीची व्यवस्थाही वेगळी लागते.

आपल्या भागात जोगप्पा काही नवे नाहीत. सौंदत्तीच्या डोंगरावर पौष आणि माघातल्या पुनवेला जाणाऱ्या गाड्यांमधून कर्नाटकाइतकीच कोल्हापूर-सांगलीची माणसं जातात. तिथं चौंडकं वाजवत, जग डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या जोगप्पांच्या पाया आपण पडतो, त्यांच्या हातून भंडारा लावून घेतो. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन त्या दारात आल्या तर सुपातून पीठ, तांदूळ घालतो. विजयनगर-बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती यांना लोककलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, कर्नाटक जानपद अकादमीचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. म्हणजे मान आहे. पण तो मान जत्रेपुरता, देवीच्या नावापुरता. त्याच माणसाला शाळेच्या वर्गात आपल्या चटईशेजारी झोपायला जागा द्यायची वेळ आली की हात आखडतो. माझाही आखडला, म्हणून सांगते.

आता गाठीची जागा. आपल्याकडं आपत्तीतली मदत माणूस मोजून मिळत नाही, कुटुंब मोजून मिळते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं तातडीची मदत दिली ती दर कुटुंबामागं १०,००० रुपये. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख. तांदळाची पिशवी कुटुंबाला एक. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. हजारो माणसं रात्रीत अंगावर येतात तेव्हा एकेक डोकं मोजणं शक्य नसतं, चुलीमागं एक पिशवी हा हिशेब पटकन होतो. पण चूल कुणाची धरायची? ज्याचं नाव रेशन कार्डावर पहिलं, त्याची. आणि ज्यांना घरानं पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाहेर काढलं, त्यांचं नाव एक तर भावाच्या कार्डावर अजून चिकटलेलं असतं, नाही तर कुठंच नसतं. पहिल्या गोष्टीत भाऊ त्यांच्या वाट्याचं उचलतो. दुसऱ्या गोष्टीत कुणीच उचलत नाही.

तृतीयपंथीयांच्या काही घरांत गुरू आणि चेले एकत्र राहतात. आजारपणात उशाशी बसणं, मेल्यावर खांदा देणं, सगळं एकमेकांचं करतात. पण कागदावर ती पाच परकी माणसं, एका भाड्याच्या खोलीतली. जोगप्पांपैकी बऱ्याच जणी गावातच, कधी भावाच्या घराला लागून असलेल्या खोपटात राहतात. खोपट पडलं तर उतारा भावाच्या नावावर. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारे दोन पुरुष दहा वर्षं जोडीनं एका खोलीत राहत असतील, तर बाहेरच्या जगाला ते "बॅचलर". खोलीत पाणी शिरून गादी, कपाट, गॅस वाहून गेला तर भरपाई मागताना "आम्ही एक घर आहोत" हे वाक्य त्यांना उच्चारताच येत नाही. उच्चारलं तर घरमालक काय म्हणेल, ही भीती.

कायद्याची भाषासुद्धा नकळत कुटुंबाभोवतीच फिरते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात किमान मदतीचे निकष ठरवताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद करा, असं लिहिलं आहे. कुटुंबातला आधार मृत्यूनं तुटला त्यांचा विचार झाला, हे चांगलंच. पण ज्यांचा आधार माणसं जिवंत असतानाच तोडला गेला, ते त्या यादीत नाहीत.

ही गोष्ट आपल्याच मुलखात घडते असं नाही. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अरवाणी, म्हणजे तिथल्या पारलिंगी स्त्रिया, मदतीच्या याद्यांतून सुटल्या. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. तिथं धान्याची कुपनं फक्त बायकांच्या हातात द्यायचं ठरलं, आणि त्यामागचा विचार अगदी बरोबर होता. पुरुषांच्या रांगेत मारामाऱ्या होत, धान्य लुटलं जाई, बाईच्या हातात गेलेलं धान्य मुलांच्या पोटात जातं हा अनुभव होता. पण ज्या घरात बाईच नव्हती, दोन पुरुष राहत होते, किंवा जी बाई कागदावर पुरुष होती, तिथं कुपन पोचलं नाही. त्याच वर्षी पाकिस्तानात सिंधूला महापूर आला तेव्हा ख्वाजासरांना, म्हणजे तिथल्या तृतीयपंथीयांना, ओळखपत्र नाही, पेहराव वेगळा, म्हणून छावणीचं दार उघडलं नाही. आणि हे गरीब देशांचंच आहे असंही समजू नका. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत टेक्सासमधल्या एका निवारा केंद्रात एक पारलिंगी बाई बायकांच्या न्हाणीघरात अंघोळीला गेली म्हणून तिला अटक करून तुरुंगात ठेवलं होतं.

हैतीचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही, कारण माझी खडूची रेघसुद्धा त्याच जातीची होती. चांगल्या हेतूनं ओढलेली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केंद्र सरकारनं महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने दरमहा ५०० रुपये टाकले. ज्या पारलिंगी स्त्रीचं खातं पुरुषाच्या नावानं होतं तिला ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मग सामाजिक न्याय मंत्रालयानं तृतीयपंथीयांसाठी १,५०० रुपयांची मदत वेगळी काढली. पाऊल योग्य होतं. मात्र ती घ्यायला बँक खातं हवं, खात्याला आधार हवं, आणि आधारवर नाव एक, फोटो एक, समोर बसलेली बाई तिसरीच, असं असलं की खिडकीतला माणूस कागद परत सरकवतो. जत्रा बंद, लग्नं बंद, रेल्वे बंद, म्हणजे जोगवाही बंद आणि दुकानांतून मागणंही बंद. आपत्तीत इतरांची कमाई थांबते, यांची तर हाताची परडीच उलटी होते.

संख्येबद्दल एक प्रश्न नेहमी येतो, "असे असून असून किती असणार?" २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांखेरीज "इतर" असा रकाना आला. देशभरात ४,८७,८०३ माणसांची नोंद त्यात झाली, कर्नाटकात २०,२६६. घरच्यांनी लपवलेले, स्वतःच लपलेले यात नाहीत, आणि समलिंगी माणसं तर या रकान्यात मोजलीच जात नाहीत. पण समजा एका तालुक्यात वीसच जण आहेत. वीस माणसांना पुरात चटई मिळाली नाही, ही गोष्ट लहान म्हणायची का? मदतीचं जगभर मानलेलं मूळ तत्त्वच असं आहे की गरज बघून द्यायचं, माणूस कोण हे बघून नाही.

रकान्याचं दुखणं आपल्याला तरी कुणी समजावून सांगायला नको. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत परिपत्रकं, फॉर्म मिळावेत, ही मागणी बेळगाव-खानापूर-निपाणीतली माणसं किती वर्षं करताहेत. कन्नड फॉर्मपुढं हात जोडून बसलेली मराठी म्हातारी मी पाहिली आहे. तिला वाचता येतं, लिहिता येतं, तरी त्या कागदापुढं ती अडाणी ठरते. जोगप्पा वहीपुढं उभ्या राहतात तेव्हा असंच काहीसं होत असेल, फक्त आपल्या वेळी निदान शेजारचा कुणी तरी "द्या, मी भरतो" म्हणतो.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ म्हणतं की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. आता इथं "लिंग" म्हणजे काय? १५ एप्रिल २०१४ च्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यघटनेच्या १५ आणि १६ व्या कलमातल्या लिंग या शब्दात माणसाची लिंगभाव ओळखही येते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या तर "तुमचा रकाना नाही" हे उत्तर टिकत नाही, असं माझं मत. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. सार्वजनिक सेवा-सुविधा नाकारण्याला त्यात मनाई आहे. ओळखपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतं. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली तेव्हा महिलांबरोबर तृतीयपंथीयांनाही लाल बसमध्ये फुकट प्रवास मिळाला. मनात आणलं की रकाना तयार होतो, हे त्या शून्य रुपयांच्या तिकिटावरून दिसतं.

पण पूर आलेल्या रात्री ओळखपत्र पाण्यात असतं. त्या रात्रीचा नियम एकच हवा: आधी चटई, मग कागद.

चटईवरून आठवलं. आपल्या राष्ट्रीय निकषांत आणि स्फिअर नावाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तिकेतही निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे. दोन चटया शेजारी शेजारी अंथरल्या तर जेमतेम तेवढी होते. स्फिअर वीस माणसांमागं एक संडास सांगतं, आणि बायकांना पुरुषांच्या तिप्पट द्या म्हणतं. आकडे चांगले आहेत. पण चटई कुणाशेजारी अंथरायची, हे आकड्यांत नसतं. पारलिंगी स्त्रीला पुरुषांच्या वर्गात झोपवलं तर रात्री तिच्यावर काय प्रसंग येईल ते सांगायला नको. बायकांच्या वर्गात नेलं तर कधी कधी बायका घाबरतात, आणि त्यांची भीतीही खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. बोलावं लागतं, समजवावं लागतं. आपल्या शाळांत बहुतेक ठिकाणी वर्ग असतात, एकच मोठं दालन नसतं, हे उलट सोयीचं आहे. एक लहान खोली, नाही तर मुख्याध्यापकांच्या खोलीचा अर्धा भाग ताडपत्रीनं आडोसा करून, एकट्या आलेल्या माणसांसाठी ठेवता येतो. एकट्या म्हाताऱ्या, दोघीच आलेल्या बहिणी, जोगप्पा, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. "तृतीयपंथी कक्ष" अशी पाटी मात्र त्यावर लावू नये. पाटी लावली की ते बघायचं ठिकाण होतं.

संडासाचं उत्तर त्याहून सोपं. एका संडासावरची "मुलगे" किंवा "मुली" ही पाटी काढायची, आतून कडी चालते का बघायचं, बाहेर दिवा लावायचा. कडी आणि दिवा यांनी बायकांचंही भलं होतं, आईबरोबर आलेल्या मोठ्या मुलाचंही, आणि सासूला हात धरून नेणाऱ्या जावयाचंही. साठ रुपयांची कडी असते.

औषधांकडं मात्र कुणाचं लक्षच जात नाही. एचआयव्हीची औषधं रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात, मध्ये खंड पडला की ती पुढं लागू पडेनाशी होण्याचा धोका असतो. उत्तर कर्नाटकात या आजाराचा भार बरीच वर्षं मोठा राहिला आहे, आणि तो फक्त तृतीयपंथीयांचा आजार मुळीच नाही, घरोघरच्या बायका, पुरुष, मुलं ही औषधं घेतात. पुरात गोळ्यांची बाटली वाहून गेली की माणूस ही औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रापर्यंत पोचणार कसा, रस्ताच बंद. केंद्रात आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं सगळ्यांनाच, एकेकट्याला बाजूला घेऊन, एकच प्रश्न विचारावा: "रोजची काही गोळी चालू आहे का? संपली का?" कशासाठी ते चारचौघांत विचारू नये. बीपी, साखर, टीबी, एचआयव्ही, हार्मोन, सगळं या एका प्रश्नात येतं आणि कुणाचं काही उघडं पडत नाही.

हे उघडं पडणं हाच समलिंगी माणसांच्या बाबतीत मोठा धोका. काही भली माणसं मला विचारतात, "मग यादीत त्यांची वेगळी नोंद ठेवायची का?" नाही. अजिबात नाही. वही चार हातांतून जाते, तिचा फोटो काढून कुणी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, आणि पूर ओसरला तरी गाव तेच राहतं. समलिंगी माणूस कोण हे शोधून काढणं मदत करणाऱ्याचं काम नव्हेच. त्याचं काम एवढंच की यादी अशी करायची, ज्यात त्याला खोटं बोलावं लागणार नाही. "कुटुंबप्रमुख, पत्नीचं नाव" असं न विचारता "तुमच्याबरोबर राहणारे कोण कोण?" असं विचारलं की दोन मित्रही येतात, दोन मैत्रिणीही, गुरू-चेलेही, आणि आजीबरोबर राहणारा नातूही. मदत घेतानाचे फोटोही तसेच. आपली मंडळं मनापासून धावतात. गणेशोत्सव मंडळांची पोरं छातीएवढ्या पाण्यातून भाकरी घेऊन गेलेली मी बघितली आहेत. पण पिशवी देताना फोटो काढायचा आग्रह धरला की काही माणसं पिशवी न घेताच मागं वळतात.

आणखी एक गोष्ट मराठीची म्हणून सांगते. आपल्या भाषेत "मी आलो" किंवा "मी आले" म्हटल्याशिवाय येताच येत नाही. क्रियापदानंच माणसाचं लिंग सांगून टाकावं लागतं. कन्नडमध्ये "नानु बंदे" म्हटलं की झालं, बोलणारा पुरुष की बाई ते त्यात नाही, आणि "अवरु बंदरु" हे आदरानं कुणाबद्दलही म्हणता येतं. सीमाभागात दोन्ही भाषा जिभेवर असलेल्या काही तृतीयपंथी मैत्रिणींनी मला सांगितलं की अनोळखी माणसासमोर त्या कन्नडमध्ये बोलणं पसंत करतात, उगीच "आलो की आले" यावर समोरच्याच्या भुवया वर जात नाहीत. मराठीत आपल्याला थोडे कष्ट घ्यावे लागतील. माणूस स्वतःबद्दल कसं बोलतो ते ऐकायचं आणि तसंच बोलायचं. त्या दुपारी त्या "आले असते" म्हणाल्या होत्या, म्हणून मी इथं "त्या" लिहिलं. ऐकूनही कळलं नाही तर विचारावं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" आक्का म्हणा म्हणाल्या की आक्का. यात कुणाचं काही कमी होत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की ही माणसं केवळ मदत घेणारी. तसं नाही. जोगवा मागणारी बाई आठवड्यातून दोनदा गावच्या प्रत्येक उंबऱ्यावर जाते. कुठल्या घरात म्हातारा अंथरुणाला खिळून आहे, कुठली सून बाळंतीण आहे, कुणाचं पोर ऐकू न येणारं आहे, हे तिला पंचायतीच्या रजिस्टरपेक्षा जास्त ठाऊक. पाणी वाढायला लागतं तेव्हा होडी आधी कुठं पाठवायची, हे सांगणारं असं माणूस बचावाच्या बैठकीत हवं. दरवर्षी मे महिन्यात नदीकाठच्या पंचायतींत पावसाळ्याच्या तयारीच्या बैठका होतात. पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतात, आशा कार्यकर्त्या असतात, पोलिस असतात. तिथं एक खुर्ची जोगप्पांची, एक तृतीयपंथीयांची असावी, हा माझा आग्रह आहे आणि मी तो दर मे महिन्यात धरते.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, यमगर्णीला पुन्हा महामार्ग बुडाला. त्या वेळी मास्क होते, अंतर होतं, गोंधळ दुप्पट होता. मी पुन्हा टेबलाशी होते, पण रांग एकच लावली होती, आणि म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, लेकुरवाळ्यांना बाजूला खुर्च्यांवर बसवून पिशव्या तिथं नेऊन दिल्या. धक्काबुक्की २०१९ पेक्षा कमीच झाली. वहीत नवा रकाना केला, "काय म्हणून हाक मारू". २०१९ च्या दुपारी निघून गेलेल्या आक्का त्या केंद्रात आल्या नाहीत. त्यांना मी सौंदत्तीच्या वाटेवर, गावोगावच्या जोगतींकडं विचारत राहिले. शेवटी भेटल्या त्या जवळच्याच गावात, भावाच्या पडक्या भिंतीला टेकून उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत. त्या दुपारी कुठं गेलात विचारलं तर म्हणाल्या, "देवळाच्या मागं बसले की. जग भिजू नये एवढंच बघितलं."

घराच्या पैशाचं त्यांचं अडलेलं होतं. दोन पुरांत दोनदा खोली पडली, दोन्ही वेळा उतारा भावाचा, रेशन कार्ड भावाचं. संबंधित कार्यालयानं "तुमचा पुरावा काय" म्हणून अर्ज परत पाठवला होता. आम्ही नव्यानं अर्ज केला. पुरावा म्हणून जोडायला काहीच नव्हतं, तेव्हा पंचनाम्याचाच मार्ग धरला. पंचनामा म्हणजे शेवटी गावातल्या चार माणसांनी डोळ्यांनी बघितलेलं आणि सांगितलेलं. "ही व्यक्ती या खोलीत वीस वर्षं राहते, ही खोली आमच्या डोळ्यांदेखत पडली," एवढाच मजकूर, मराठीत आणि कन्नडमध्ये. गल्लीतल्या बायका सह्या करतील का, याची मला धास्ती होती. पहिल्या तिघींनी वाचून केल्या. चौथीनं नवऱ्याला विचारून केली. शेजारच्या आजींना सही येत नव्हती. आक्कांनी शाईचं पॅड त्यांच्या मांडीवर धरलं, आजींनी अंगठा दाबला आणि मग तोच निळा अंगठा आक्कांच्या लुगड्याच्या पदराला पुसला. अर्ज आता तहसीलमध्ये आहे. सोमवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत.